गावच्या टीममागे बाहेरगावी मॅचला जायचंय? आधी परतीचा हिशेब करा

दिवाळी सरली, सोयाबीन घरात आलं की विदर्भात सामन्यांचे बॅनर लागू लागतात. कबड्डीचे तर गावोगावी. नागपूर-कामठीकडे, यवतमाळ-चंद्रपूरकडे आणि कोळसा खाणींच्या वसाहतींत फुटबॉलचेही. टीम जाते पंधरा-सोळा पोट्ट्यांची आणि तिच्यामागे निघतात चाळीस-पन्नास जण. टीमची गाडी, जेवण, किट सगळं ठरलेलं असतं. मागून जाणाऱ्यांचं मात्र आदल्या रात्री पानठेल्यावर ठरतं, आणि मग रात्री बाराला कुणाचा तरी फोन येतो की आमची गाडी कुठे आहे.

अशा फेऱ्या जाताना सहसा बिघडत नाहीत. सकाळी सगळे ताजे असतात, उजेड असतो, उशीर झाला तर एखादी मॅच हुकते एवढंच. बिघडतं ते येताना. म्हणून नियोजन उलटं करायचं. घरी कधी पोचायचं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मागे येत निघायची वेळ काढा.

तारीख आणि वेळ

फिक्स्चर हातात आलं की आधी गावाचं कॅलेंडर बघा. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर दुकानवाले आणि भाजीवाले येणार नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस असतात. आपल्या किंवा शेजारच्या गावची मंडई त्याच दिवशी असेल तर गाडी भरायचा विचारच सोडा, कारण घरोघरी पाहुणे असतात. कापूस वेचणी जोरात असेल तर बाया येणार नाहीत, आणि मजूर मिळत नसतील तर घरचे पोट्टेही वावरातच लागतात.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे शेतीची लाइन. बऱ्याच ठिकाणी कृषिपंपांना काही दिवस दिवसा वीज मिळते, काही दिवस रात्री. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असताना रात्रीची पाळी आली तर अर्धे लोक आठ-नऊ वाजताच घड्याळ बघायला लागतात. मॅचच्या आठवड्यात आपल्या फीडरची (वीजवाहिनीची) पाळी कोणती आहे ते लाइनमनला विचारून घ्या आणि वहीत लिहा. ज्यांची रात्रपाळी आहे त्यांची एक वेगळी, लवकर निघणारी गाडी करा, नाहीतर त्यांना आधीच सांगा की ही गाडी अकराच्या आत गावात येणार नाही. घरी जनावरं असतील त्यांनी संध्याकाळची धार कोण काढणार हे ठरवूनच नाव द्यायचं.

आयोजकाला फोन करून विचारा: मैदान नेमकं कोणतं, त्या दिवशी आपली मॅच कितवी, आधीच्या मॅच किती मिनिटांच्या, बरोबरी झाली तर जादा वेळ आहे की सरळ पेनल्टी, आणि मैदानावर लाइट आहेत का. मैदानाचं फक्त नाव पुरत नाही. एकाच शहरात शाळेचं, नगरपालिकेचं आणि वसाहतीचं अशी तीन मैदानं असतात, आणि लोक तिन्हींना ‘मोठं ग्राउंड’ म्हणतात. व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा.

आता वेळेचा हिशेब. फुटबॉलची पूर्ण मॅच 45-45 मिनिटांची, मध्ये 15 मिनिटं. चारला शिट्टी वाजली तर वाया गेलेला वेळ धरून सहाच्या आसपास संपते. बाद फेरीत बरोबरी झाली की 15-15 मिनिटांचा जादा वेळ आणि वर पेनल्टी, म्हणजे पावणेसात. पण डिसेंबरात पूर्व विदर्भात सूर्य साडेपाचच्या आगेमागे मावळतो. लाइट नसलेल्या मैदानावर चारची मॅच पूर्ण होणं अवघडच असतं. समजदार आयोजक ती अडीच-तीनला लावतो, बाकीचे वेळ कापतात किंवा सरळ पेनल्टीवर नेतात. गावोगावच्या सेव्हन-ए-साइड (सात-सात जणांच्या) स्पर्धांत हाफ लहान असतात, तिथे वेळ किती ते विचारूनच घ्यावं लागतं.

छापलेली वेळ धरून चालू नका. त्या दिवशी आपली तिसरी मॅच असेल तर दीड तास उशीर धराच. उद्घाटनाचे पाहुणे येईपर्यंत पहिली मॅच सुरू होत नाही, आणि खेळाडूंशी हस्तांदोलन, फोटो, सत्कार यात अर्धा तास सहज जातो. फायनल असेल तर बक्षीस समारंभाचा आणखी एक तास. जिंकलो तर कप घेतल्याशिवाय कोणी हलणार नाही, त्यामुळे तो तास हिशेबात आधीच घाला.

एक उदाहरण. हिंगणघाटकडचं एक गाव, मैदान कामठीला, एका बाजूने 95 किलोमीटर. मॅच लाइटखाली, पावणेसातला संपली, सगळे गाडीत बसेपर्यंत सव्वासात. रात्री ताशी 40 किलोमीटरच धरायचे. नागपुरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो आणि शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर गावरस्ता असतो. हे झाले दोन तास वीस मिनिटं, वर चहाचा अर्धा तास. म्हणजे घरी दहा वाजता. हाच आकडा निघायच्या आधी घरच्यांना सांगायचा. ‘आठपर्यंत येतो’ म्हणून गेलेला माणूस दहाला आला की पुढच्या वेळी त्याचं नाव यादीत येत नाही.

गाडी

विदर्भात गावाकडून गर्दी न्यायची म्हटलं की पहिला विचार मालवाहू पिकअपचा किंवा छोट्या हत्तीचा होतो. स्वस्त, गावातच असलेली, पंचवीस जण उभे राहतात. हे करू नका. मालवाहू गाडीत प्रवासी नेणं बेकायदेशीर आहे आणि तिच्या विम्यात मागे उभी राहिलेली माणसं धरलेली नसतात. वळणावर सगळ्यांचा भार एका बाजूला गेला की उंच पिकअप कलंडते, आणि नुकसानभरपाईचा बोजा गाडीमालकावर येतो, जो बहुधा आपल्याच गावचा असतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही तेच. ट्रॅक्टरला समृद्धी महामार्गावर परवानगीही नाही, दुचाकीला आणि ऑटोलाही नाही. मागून बाइकवर येणाऱ्या पोरांना हे आधी सांगा, नाहीतर ती इंटरचेंजवरून परत फिरतात.

मग उरतं काय? क्रूझरसारखी बारा-तेरा सीटची गाडी, सतरा-वीस सीटची ट्रॅव्हलर किंवा एसटी.

भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची हवी. पांढऱ्या पाटीची ओळखीची गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्याने चालवणं नियमाबाहेर आहे आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. ठरवण्याआधी गाडीचा नंबर एमपरिवाहन ॲपमध्ये टाका. फिटनेस, विमा, पीयूसीची मुदत लगेच दिसते. सीट किती हे आरसीवर लिहिलेलं असतं, तेवढीच माणसं न्यायची. मांडीवरचं पोर ही चर्चा निघण्याच्या सकाळी नको, यादी करतानाच संपवा.

भाव ठरवताना चार गोष्टी स्पष्ट बोला. किलोमीटरचा दर किती. कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे धरणार, कारण बरेच मालक 250 किंवा 300 च्या खाली हिशेबच करत नाहीत. किलोमीटर कुठून मोजणार, गावातून की त्याच्या घरून; गाडी तालुक्याहून येत असेल तर येण्या-जाण्याचे चाळीस किलोमीटर तुमच्या खात्यात पडतात. आणि टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा की त्यातच. निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो काढा. भांडण झालंच तर तो फोटो पुरतो.

चाळीसच्या वर माणसं असतील तर डेपोत जाऊन एसटीच्या प्रासंगिक कराराची, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने घेण्याची, चौकशी करा. पैसे आगाऊ भरावे लागतात आणि परतीची वेळ आधी लिहून द्यावी लागते. अडचण अशी की डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात आणि डेपोच्या गाड्या त्यात अडकलेल्या असतात. तीन आठवडे आधी अर्ज दिला तर मिळण्याची आशा, चार दिवस आधी गेलात तर हात हलवत परत याल. माणसं कमी असतील आणि मॅच दुपारची असेल तर नेहमीची एसटी सगळ्यात स्वस्त. बायांना निम्मं तिकीट, 65 ते 75 वयाला निम्मं, 75 च्या वर फुकट. आधार कार्ड सोबत हवं. पण गावाची मुक्कामी गाडी तालुक्याहून किती वाजता सुटते हे आधी बघा. ती चुकली की तालुक्याच्या स्टँडवर रात्र, नाहीतर दुप्पट भाड्याचा ऑटो.

दक्षिणेकडून नागपुरात येणाऱ्यांसाठी एक सोय. मेट्रोची नारिंगी मार्गिका वर्धा रोडवरच्या खापरीपासून सीताबर्डीमार्गे कामठी रोडवरच्या ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते. बाइकवर येणाऱ्यांनी गाडी खापरीकडे लावून पुढे मेट्रोने जावं, शहरातला सगळा ट्रॅफिक वाचतो. ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीला शेअर ऑटो मिळतात. परतीची शेवटची मेट्रो मात्र जातानाच स्टेशनवर विचारून ठेवा.

पैसे

यादी वहीत, पैसे आगाऊ. ‘येतो’ म्हणणारे पंधरा असतात आणि सकाळी सहाला चौकात अकरा उभे राहतात. अर्धे पैसे दिल्याशिवाय नाव लिहायचं नाही आणि आदल्या दिवशी नाव काढलं तर पैसे परत नाहीत, हे गावातल्या कोणालाही लागू. सरपंचाच्या पोरालाही.

वर्गणी काढताना भरलेल्या सीटवर भागाकार करू नका. समजा जाऊन-येऊन 200 किलोमीटर, दर 16 रुपये, कमीत कमी किलोमीटरची अट नाही. भाडं 3200, भत्ता 300, टोल-पार्किंग 250, एकूण 3750. बारा सीट आहेत म्हणून माणशी 312 काढले आणि दोन जण आले नाहीत तर 630 रुपये आयोजकाच्या खिशातून जातात. दहावर भागा, 375 घ्या. गाडी पूर्ण भरली तर 750 उरतात, त्यात पाणी आणि संध्याकाळचा चहा निघतो. पैसे एकाच्या हातात आणि वही दुसऱ्याच्या. गावात यानेच मैत्री टिकते.

कापडी बॅनर, झेंडे, वाद्यं

फ्लेक्स स्वस्त असतो, पण वाऱ्यात शिडासारखा फुगतो, दोरीच्या भोकापासून फाटतो आणि घडी पडली की शाई उडते. मांजरपाटाचा बॅनर एकदा करा, चार-पाच सीझन जातो.

36 इंच पन्ह्याचं कापड साडेतीन मीटर घ्या. आधी पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर रंग दिल्यावर आकसतं. वरच्या आणि खालच्या कडेला दोन-दोन इंचांची दुमड शिवून घ्या. वरच्या दुमडीतून नायलॉनची दोरी ओवा आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळी सोडा. मैदानावर खांब हवा तिथे कधीच नसतो, ही मोकळी दोरीच कामी येते. खालच्या दुमडीत ठिबकची 16 मिलिमीटरची जुनी नळी घाला. ती गुंडाळलेली असते, म्हणून आधी उन्हात सरळ ताणून दगडाखाली ठेवा. नळीमुळे कापड खाली ताठ राहतं आणि परतताना तिच्याभोवतीच गुंडाळता येतं, घड्या पडत नाहीत. अक्षरं दीड फूट उंच, रेघ तीन इंच जाड. मैदानाची रुंदी साठ-सत्तर मीटर असते, त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. ऑइल पेंट वापरू नका, घडीवर तडकतो आणि वाळायला दोन दिवस घेतो. भिंतीचा ॲक्रेलिक इमल्शन थोडं पाणी घालून लावा, दुपारपर्यंत वाळतो. गावाचं नाव एवढंच लिहा. नेत्याचा फोटो घातला की अर्धं गाव बॅनर धरायला तयार होत नाही.

बॅनर मंचासमोरच्या बाजूला बांधा, पण आयोजकांच्या किंवा देणगीदारांच्या बॅनरवर चढवू नका. पहिलं भांडण बहुधा इथेच होतं.

झेंड्याला बांबू किंवा काठी नको. पोलीस किंवा स्वयंसेवक गेटवर काढून घेतात, आणि हाणामारी झाली तर तीच हातात येते. हातातल्या छोट्या झेंड्याला अडीच फूट ठिबकची नळी पुरते, मोठ्याला अर्धा इंची प्लास्टिक पाइप. समोरच्या टीमच्या जर्सीचा रंगही आधी विचारा. तोच रंग घालून पन्नास जण उभे राहिले तर आपलेच खेळाडू गोंधळतात.

डफडं न्यायचं असेल तर त्याचं चामडं संध्याकाळच्या दवाने सैल पडतं आणि आवाज बसतो. शेकायला आगटी लागते, पण मैदानाकडेला वाळलं गवत असतं आणि हिवाळ्यात शेजारी कापसाचं वावरही असू शकतं. डफडं गाडीत गोधडीत गुंडाळून ठेवा आणि मॅचच्या आधी चहावाल्याच्या शेगडीजवळ गरम करून घ्या. प्लास्टिकच्या पानाच्या ताशाला ही कटकट नाही, पण नादही तसा नाही. संदल (वाजवणाऱ्यांचं पथक) किंवा डीजे सोबत न्यायचा मोह टाळा. भाडं गाडीपेक्षा जास्त होतं, आणि रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद ठेवणं कायद्याने लागू आहे, नेमकं तेव्हाच जिंकून परत येणाऱ्यांना वाजवायचं असतं. फटाके आणि गुलाल गावात परतल्यावर. मैदानावर गुलाल उडाला की डोळ्यात जातो, पाहुण्यांच्या कपड्यावर पडतो आणि वातावरण फिरतं.

खाणं-पाणी

सकाळी निघताना पोट भरलेलं हवं. कच्चे पोहे माणशी 75 ग्रॅम धरा, म्हणजे एक किलोत तेरा जण. दुपारसाठी माणशी चार पोळ्या, कोरडा झुणका, ठेचा, कांदा. हे संध्याकाळपर्यंत टिकतं. भात, ओल्या खोबऱ्याची चटणी, दह्याचं काही नेऊ नका. बंद गाडीत दुपारी आंबतं. नागपुरात आलोच आहोत तर सावजीचं झणझणीत खाऊ, असं कोणीतरी म्हणणारच. खा, पण मॅचच्या आधी नको आणि परतीच्या रस्त्यावर तर नकोच. रात्री अंधारात हायवेवर दर वीस किलोमीटरला गाडी थांबवावी लागते ती याच कारणाने. संत्र्यांचा हंगाम असेल तर एक पोतं टाका, तहानही भागते, पण सालं मैदानात फेकू नका.

पाणी हिवाळ्यात माणशी दोन लिटर. बारा जणांना वीस लिटरची एक कॅन आणि प्रत्येकाची एक बाटली. फेब्रुवारी सरल्यावर हाच हिशेब दुप्पट करा. मार्चअखेरीला दुपारी पारा चाळीसपर्यंत जातो, आणि ओरडणारा माणूस बसलेल्यापेक्षा लवकर सुकतो. डोकं दुखलं, मळमळलं की त्याला सावलीत न्या, अंगावर ओलं दुपट्टं टाका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा. घाम थांबला किंवा माणूस बरळायला लागला तर पाजत बसू नका, 108 ला फोन करा.

डिसेंबरच्या रात्री उलटी गंमत. दुपारी घामेजलेले शर्ट घालून रात्री दहाला उघड्या खिडकीत बसलं की दुसऱ्या दिवशी अर्धी गाडी खोकते. स्वेटर, मफलर प्रत्येकाने आणायचंच.

दारू

याबाबत स्पष्ट बोलायला लोक कचरतात, म्हणून इथे सरळ लिहितो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही 1993 पासून आहे. चंद्रपुरातली 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली. वर्धा किंवा गडचिरोलीचा माणूस नागपुरात किंवा चंद्रपुरात मॅचला गेला की येताना पिशवीत बाटली टाकायचा विचार त्याला सुचतोच. सीमेवर तपासणी झाली तर गुन्हा त्याच्यावर होतोच, शिवाय गाडी जप्त होते आणि बाकीचे अकरा जण रात्री रस्त्यावर उभे राहतात. निघताना सगळ्यांसमोर सांगा: पिऊन आलेला बसणार नाही, बाटली सापडली तर तिथेच उतरवू. सांगितलेलं एकदा करूनही दाखवावं लागतं.

मैदानावर

पोचल्यावर गाडी तोंड बाहेर करून लावा. हे छोटं वाटतं, पण निघताना दोनशे बाइक आणि तीस गाड्या एकाच गेटकडे वळतात तेव्हा उलटी गाडी काढायला अर्धा तास जातो. पार्किंग नांगरलेल्या वावरात असेल आणि आभाळ भरलेलं असेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा, दहा मिनिटं चाला. काळ्या मातीवर अवकाळीची एक सर पडली की क्रूझरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्टर शोधत बसावं लागतं.

ड्रायव्हरने मॅच बघायची नाही, झोपायचं. त्याचं जेवण आधी, मग गाडीत दोन तास पाय लांब करून झोप. परतीचा प्रवास त्याच्या डोळ्यांवर आहे. फुटबॉलवेडा ड्रायव्हर असेल तर दुसरा बघा.

चुन्याच्या रेषेपासून निदान दोन मीटर मागे उभे राहा. रेषेलगत सहायक पंच धावतो, त्याला वाट हवी. गोलच्या मागे लहान पोरांना बसू देऊ नका, जोरात मारलेला चेंडू थेट तोंडावर येतो. गोल झाला की मैदानात धावायचं नाही. प्रेक्षक आत आले की पंच खेळ थांबवू शकतो आणि शिक्षा टीमला भोगावी लागते. कामठीचा प्रेक्षक फुटबॉल जाणणारा, चांगल्या पासला समोरच्या टीमलाही टाळ्या देतो. तिथे जाऊन फक्त शिव्या दिल्या तर आपलीच शोभा होते. जातीवरून बोललेला एक शब्द म्हणजे थेट ॲट्रॉसिटीचा गुन्हा, आणि आता प्रत्येकाच्या हातात रेकॉर्डिंग सुरू असतं. तोंड सुटणारे दोघं-तिघं कोण ते गावाला माहीत असतं. त्यांना शांत माणसांच्या मध्ये उभं करा.

सोबत बाया किंवा मुली असतील तर त्यांच्यातलीच एक जबाबदार ताई किंवा काकू ठरवा आणि तिचा नंबर सगळ्यांकडे द्या. मैदानावर स्वच्छतागृह बहुतेक नसतंच. आधी पेट्रोल पंपावर थांबायचं, आणि हाफ टाइमला कुठे जायचं ते पोचल्या पोचल्या बघून ठेवायचं. हे बघितलं नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या बाया दरवेळी दिसतात.

निघणं

भेटायची जागा सकाळीच ठरवा, आणि ती ‘गेटजवळ’ नको, गेटजवळ सगळं गाव असतं. विजेचा डीपी, लिंबाचं झाड, पाण्याची टाकी, असं काहीतरी लांबून दिसणारं. शेवटच्या शिट्टीनंतर अर्ध्या तासात तिथे. गर्दीत नेटवर्क बसतं आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओ काढून बॅटरी संपलेली असते, म्हणून फोनवर विसंबू नका.

गाडीत चढताना माणसं मोजू नका, नावं पुकारा. मोजणीत चुकून दुसऱ्या गावचा पोट्टा बसला की आकडा बरोबर येतो आणि आपला एक मागे राहतो. जाताना ज्या गाडीत होता त्याच गाडीत परतायचं. कोणी बहिणीकडे थांबतो, कोणी मित्राच्या बाइकवर जातो. चालेल, पण वहीवर सही करून. तोंडी सांगितलेलं रात्री कुणाला आठवत नाही.

मॅच तापली, धक्काबुक्की झाली तर बक्षीस समारंभाची वाट बघायची नाही. बॅनर गुंडाळा, वाद्यं बंद, सगळे गाडीत, आणि गावाच्या मुख्य चौकातून घोषणा देत जायचं नाही. अडवलं तर उतरून वाद घालू नका, 112 लावा.

रात्रीच्या रस्त्यावर दोन धोके. पहिला रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. जंगलाच्या कडेचा रस्ता असो की नुसता हरभऱ्याचा पट्टा, रोही दिव्यासमोर बुजतो आणि उलट गाडीकडेच उडी घेतो. एक ओलांडून गेला की लगेच वेग वाढवू नका, मागून कळप येत असतो. दुसरा धोका कापसाने भरलेल्या ट्रॉल्यांचा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि कापूस ट्रॉलीच्या बाहेर दोन हात फुगलेला. ड्रायव्हरशेजारी न झोपणारा एक माणूस बसवा, त्याचं काम फक्त रस्ता बघणं आणि बोलत राहणं. गाणी मागे, हळू आवाजात.

निघण्याआधी स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक-पाना आहे का ते सकाळी उजेडातच बघितलेलं असावं. पंक्चर झालीच तर गाडी डांबराच्या पूर्ण खाली घ्या, सगळे उतरून रस्त्यापासून लांब उभे राहा, आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण किंवा पानं असलेली फांदी मागे निदान पन्नास पावलांवर ठेवा. नॅशनल हायवेवर 1033 वर मदत मिळते.

पांदण रस्त्याने वस्तीवर राहणाऱ्यांना चौकात सोडून गाडी निघून जाते, ही सवय मोडा. रात्री अकराला दोन किलोमीटर अंधारात कोणी चालू नये. त्यांच्या घरच्या कोणालातरी बाइक घेऊन चौकात यायला आधीच सांगून ठेवा, किंवा गाडी जिथवर जाते तिथवर न्या आणि त्याचे किलोमीटर भाड्यात धरा.

हिशेब गाडीतच, शेवटच्या चहाच्या थांब्यावर वाचून दाखवा. किती जमले, किती गेले, किती उरले. घरी गेल्यावर कोणी ऐकत नाही आणि आठ दिवसांनी प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. उरलेले पैसे वाटू नका, माणशी साठ-सत्तर रुपये परत घेऊन कोणी श्रीमंत होत नाही; पुढच्या फेरीच्या गाडीचा इसार म्हणून वहीत लिहा. टीम जिंकली असेल तर पुढची मॅच बहुधा चार-पाच दिवसांतच असते. गाडीवाल्याला तिथेच, चहा घेता घेता, तारीख सांगून मोकळे व्हा.